कुठला नोड?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मावशी, उलवे, खारघर की तुझ्याजवळ नेरूळ? पटकन सांग, रविवारपर्यंत टोकन द्यायचंय." कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. चार महिने झाले, ती आणि जावई दर शनिवार-रविवार घरं बघत फिरताहेत. चेंबूरचं भाड्याचं घर पुरत नाही. लेक चार वर्षांची. शिवाय ताई (माझी मोठी बहीण, म्हणजे भाचीची आई) संधिवातामुळे आता एकटी राहू शकत नाही, ती त्यांच्याकडेच येणार. पैसे एकदाच खर्च व्हायचे आहेत आणि पुढची वीस वर्षं हप्ता भरायचा आहे.

"तू नवी मुंबईत चाळीस वर्षं राहिलीस, तुला माहीत असणार."

फोनवर मी जे सांगितलं ते बहुतेक बिनकामाचं होतं. मग झोप लागेना. आपल्या नात्यातले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात आणि उरलेले वाचतो असं सांगतात, तेव्हा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना एक फुलस्केप कागद सापडला होता. १९८३ सालचा. उभ्या रेघा मारून तीन रकाने: डोंबिवली, बोरिवली, वाशी. डावीकडे ओळी: किंमत, पाणी, शाळा, दवाखाना, गाडी. दादरच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं होतं. बाबांची नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात आणि आईची फोर्टात बँकेत. वाशीच्या रकान्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा. फक्त 'गाडी'समोर बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'तीन-चार वर्षांत'.

त्या 'तीन-चार वर्षांत'कडे नंतर वळते. आधी भाचीचा प्रश्न.

खरं म्हणजे हा प्रश्न पडायलाच नको होता. १९६५ साली 'मार्ग' मासिकात तिघांनी एक कल्पना मांडली. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार, शिरीष पटेल इंजिनियर. मुंबई दक्षिणोत्तर लांबतच चाललीय, सकाळी सगळं शहर दक्षिणेला धावतं आणि संध्याकाळी उत्तरेला. तर खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर करा, आणि तिकडे नुसती घरं नेऊ नका, कचेऱ्याही न्या. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. पटेल आणि कोरिया दोघंही पहिली काही वर्षं तिथे होते. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली मिळून ९५ गावं, साधारण ३४४ चौरस किलोमीटर जागा, आणि उद्दिष्ट २० लाख लोकांचं.

आराखड्याची मुख्य युक्ती म्हणजे हे नोड. एक मोठं केंद्र आणि त्याला लटकलेली उपनगरं असं पुन्हा नको, म्हणून मध्यम आकाराच्या वस्त्या रेल्वेमार्गावर माळेसारख्या ओवायच्या. प्रत्येकीचं आपलं स्टेशन, बाजार, शाळा, मैदान. कामही जवळ. म्हणजे कागदावर वाशी काय, नेरूळ काय आणि खारघर काय, राहणाऱ्याला फरक पडू नये. नोड निवडायचा तो मामा जवळ राहतो की आत्या, एवढ्यावर!

बिनसलं ते नरिमन पॉइंटला. सरकारने आपला कारभार खाडीपलीकडे हलवला असता तर त्यामागोमाग बँका, वकील, कंपन्या गेल्या असत्या असा हिशोब होता. बेलापूरला कोकण भवन झालं, सिडको भवन झालं, पण मंत्रालय जागचं हललं नाही. उलट १९७०च्या दशकात समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंटला टॉवरमागून टॉवर उभे राहिले. आणि गंमत बघा, खुद्द सिडकोचं नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटच्या 'निर्मल' इमारतीत.

त्यामुळे 'घराजवळ काम' जाऊन 'व्हीटीला किती वाजता पोचणार' हा प्रश्न आला. तो प्रश्न आला की सगळे नोड सारखे राहत नाहीत. कुठे गाडी आधी पोचली, कुठे पाणी, कुठे महापालिका, त्यावर भाव ठरतो. आज आपण दोन नोडमधला म्हणून जो फरक मोजतो तो बराचसा कुठलं आश्वासन कुठल्या साली पुरं झालं याचा फरक आहे.

ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली झाला म्हणून वाशी पहिली. बाकीचं तोवर खाजण, भातशेती आणि मिठागरं. आम्ही जून १९८४ मध्ये वाशीला आलो. बससाठी सिडकोने बीएमटीसी नावाची परिवहन संस्था काढली होती, ती त्याच वर्षी बंद पडली. मग आईचा दिवस असा: मिळेल ती बस पकडून पुलावरून मानखुर्द, तिथून हार्बरची लोकल, व्हीटी, पुढे चालत. सकाळी सातला घर सोडायची ती रात्री आठनंतर परत. बाबा मात्र पंचवीस मिनिटांत कारखान्यात. वाशी निवडली ती बाबांच्या नोकरीसाठी, आणि त्याचे तास भरले आईने. हे त्या वेळी घरात कुणी बोललं नाही, आईही नाही.

मी सात वर्षांची होते आणि ताई चौदा. माझी वेणी, डबा, शाळेतून आणणं, गृहपाठ, संध्याकाळचा वरणभात हे सगळं ताईने केलं. दादरला ती गाणं शिकायची. वाशीला आल्यावर सुरुवातीला महिनाभर शनिवारी गेली, मग सुटलं ते सुटलंच. मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली ९ मे १९९२ ला. बाबांच्या 'तीन-चार वर्षांत'ची आठ वर्षं झाली होती. ताई तेव्हा बावीस वर्षांची, लग्न ठरलेली. पहिल्या आठवड्यात आई साडेसहाला घरी आली तर आम्हाला काही सुचेचना, तिला बरं नाही की काय म्हणून ताईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला होता.

असो. ती गाडी फुकट आली नव्हती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नवी मुंबईतल्या या मार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. सिडकोचा पैसा म्हणजे भूखंड विकून आलेला पैसा. म्हणजे जमीन विकायची तर गाडी हवी, आणि गाडी आणायची तर आधी जमीन विकायला हवी. या कोड्यात मधली काही वर्षं कुणीतरी गाडीविना राहणं भागच होतं, आणि ते आधी आलेल्या लोकांनी केलं. १९९३ मध्ये गाडी नेरूळ-बेलापूरला पोचली, १९९८ मध्ये पनवेलला. खाडीवरचा दुसरा पूल १९९७ मध्ये झाला, ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये. भाजी आणि फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये मुंबईतून तुर्भ्याला आला आणि माथाडी कामगारांच्या वस्त्यांनी कोपरखैरणे-घणसोली भरली. त्या त्या तारखेच्या आधी कुणी घर घेतलं आणि नंतर कुणी, एवढ्यावर वाशी-नेरूळमधल्या कित्येक घरांची सांपत्तिक स्थिती ठरली. हुशारी फार कमी, नशीब जास्त (हे माझं मत, काकांनी वाद घालू नये :) ).

आता जमीन कुणाची होती, ते. घर बघायला जाताना कुठलाच एजंट याबद्दल बोलत नाही.

जानेवारी १९८४. आम्हाला ताबा मिळायला पाच महिने होते. दादरच्या खोलीत बाबांनी पेपर वाचून घडी घालून ठेवला आणि आईला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, एवढंच मला आठवतं. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात, संपादित जमिनीला योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील त्या आंदोलनाचे नेते. या लढ्यातूनच पुढे 'साडेबारा टक्के' योजना आली: ज्याची जमीन गेली त्याला तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. त्यातलेही ३.७५ टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापून हातात ८.७५. बऱ्याच कुटुंबांनी हे भूखंड बिल्डरला दिले. कोपरखैरणे, घणसोली, खारघर, उलवे इथल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. म्हणून घर घेताना भूखंड सिडकोच्या निविदेतला की साडेबारा टक्क्यांतला, हे विचारायचं, आणि दुसरा असेल तर त्रिपक्षीय करार वाचायचा. सिडकोची जमीन मुळात भाडेपट्ट्याने मिळते, जुने करार ६० वर्षांचे, तेही बघायचं. पण मला वाटतं, हे नुसते वकिलाला दाखवायचे कागद नाहीत. वाशी, जुहूगाव, शिरवणे, दारावे, करावे, दिवाळे ही नावं सेक्टरच्या आकड्यांच्या आधीची आहेत आणि ती माणसं अजून इथेच आहेत. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मुलगी गावठाणातली होती. तिच्या आजोबांची शेती कुठे होती म्हणून मी एकदा विचारलं, तर तिने वर्गाच्या खिडकीतून मैदानाकडे बोट दाखवलं.

बरं, आता तीन नोड.

नेरूळ. गाडी तीन दिशांना: हार्बर, ठाणे आणि आता उरण. नवी मुंबई महापालिका १९९२ साली सुरू झाली आणि नेरूळ पहिल्यापासून तिच्यात. या महापालिकेने २००२ साली मोरबे धरण स्वतःच घेतलं, म्हणून इथे एप्रिल-मे महिन्यातही नळाचा विचार करावा लागत नाही. दवाखाने चालत जाण्याच्या अंतरावर. पण भाव! भाचीच्या पैशांत इथे नव्या इमारतीत एक खोली कमी येते, किंवा मग जुनी चार मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुनर्विकास होईल म्हणतात. इथे तो शब्द मी बरीच वर्षं ऐकतेय.

खारघरला डोंगर आहे, मोठं सेंट्रल पार्क आहे, टाटांचं कर्करोग संशोधन केंद्र आहे आणि रस्ते असे की वाशीवाल्यांनी जळावं. पण स्टेशन नोडच्या एका टोकाला, महामार्गाला चिकटून, आणि वस्ती मागे डोंगरापर्यंत पसरलेली. आतल्या सेक्टरात घर म्हणजे दोन प्रवास. मेट्रोचं भूमिपूजन मे २०११ मध्ये झालं आणि बेलापूर ते पेंधर गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. पहिली इयत्ता ते बारावी! खारघर नवी मुंबई महापालिकेत नव्हतंच. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली तेव्हा तिच्यात गेलं, आणि मग २०१६ पासूनच्या मालमत्ता करावरून रहिवासी भडकले, कारण त्याच काळात ते सिडकोला सेवा शुल्क भरत होते. पाण्याची ओरड उन्हाळ्यात असते. मागच्या सेक्टरात घर बघायचं तर रात्री अकरा वाजता एकदा जाऊन या, तळोजा एमआयडीसीकडून वारा असेल तर नाक सांगेल.

उलवे. इथे मला सगळ्यात जास्त सावध व्हायला होतं, कारण बाबांचा कागद आठवतो. इमारती आधी आल्या. खारकोपरपर्यंत गाडी आली नोव्हेंबर २०१८ मध्ये, उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला. त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं: २१.८ किलोमीटर, शिवडीहून थेट. वीस मिनिटांत मुंबई म्हणतात ते खोटं नाही, पण गाडीला एका वेळचा टोल २५० रुपये ठरला होता, तो महिन्याच्या हिशोबात धरून बघा. विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि पहिलं प्रवासी विमान २५ डिसेंबर २०२५ ला. त्यासाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि आसपासची गावं उठवली. त्यांना या वेळी साडेबावीस टक्के मिळाले. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २०२१ च्या जूनमध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती. भाचीने पाहिलेल्या इमारतीच्या गच्चीवरून ज्या बाजूला जासई आहे, ती हीच बाजू.

पनवेल महापालिका झाली तेव्हा उलवे तिच्या बाहेर राहिलं. मोठं रुग्णालय म्हटलं की पाय बेलापूर-नेरूळकडेच वळतात. या गोष्टी होणार नाहीत असं मी म्हणत नाही. नवी मुंबईत आश्वासनं बहुतेक पुरी होतात, हे कबूल करायला हवं. फक्त उशिरा. आणि उशीर किती, याचा रकाना कुठल्याच जाहिरातीत नसतो.

अजून एक. हे सगळं शहर खाजणाच्या काठावर आहे. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून डचांसारखे बांध घातलेत आणि पावसाचं पाणी साठवायला होल्डिंग पॉन्ड केलेत, ओहोटीला दारं उघडून ते खाडीत सोडायचं. आता बऱ्याच पॉन्डमध्ये गाळ साठलाय आणि तिवरं वाढलीत. तेव्हा घर मे महिन्यात बघितलं असेल तर जुलैत, भर पावसात, मोठ्या भरतीच्या वेळी पुन्हा बघावं. सँपल फ्लॅटपेक्षा जास्त कळतं.

मधे एकदा ताईला घेऊन बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये गेले होते. १९८०च्या दशकात कोरियांनी केलेली वसाहत: मधल्या छोट्या अंगणाभोवती सात घरं, कुणाची भिंत कुणाला लागून नाही, म्हणजे कुटुंब वाढेल तसं घर वाढवता यावं. लोकांनी खरंच वाढवलीत, इतकी की मूळ घरं शोधावी लागतात. काहींना ते विद्रूप वाटतं. ताई मात्र एका अंगणातल्या कट्ट्यावर अर्धा तास बसली आणि म्हणाली, "जिना नाही बघ कुठे."

काल सकाळी मी, ताई आणि भाची उलव्याला गेलो. बामणडोंगरी स्टेशनवर उतरून ताईच्या चालीने चालत निघालो, रिक्षा करायची नाही असं मीच ठरवलं होतं. भाची वैतागली. बिल्डरच्या पत्रकात 'स्टेशनपासून ५ मिनिटे' होतं. वाटेत दोनदा बसावं लागलं, एकदा भाजीवाल्या मावशींच्या स्टुलावर आणि एकदा अर्धवट फुटपाथवर. पोचलो तेव्हा घड्याळात तेवीस मिनिटं झाली होती. लिफ्ट मात्र दोन होत्या, आणि अकराव्या मजल्यावरच्या खोलीत ताई खिडकीशी बराच वेळ उभी राहिली.

घरी आल्यावर मी बाबांच्या कागदाचा फोटो काढून भाचीला पाठवला. काही लिहिलं नाही. रात्री तिने तोच फोटो परत पाठवला, मोबाइलवर बोटाने रेघा ओढून तीन नवे रकाने केलेले: नेरूळ, खारघर, उलवे. बाबांच्या पाच ओळींखाली तिने सहावी ओळ घातलीय, 'आईचा दिवस', आणि तिन्ही रकाने अजून रिकामे आहेत. खाली निरोप: "रविवारी टोकन देत नाही. ताबा कधी ते बिल्डर लेखी देईना. तू ये, आपण आईलाच विचारू."